आक्रमक गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन पुढाकार घेणारं ओपनिंग) शिकायचाय (पांढऱ्याकडून), कुठला धरू? ठाणे-नवी मुंबईवाले जरूर लिहा

पाचपाखाडी_पटावर

नमस्कार मंडळी. राहायला पाचपाखाडी, ऑफिस वागळे इस्टेटला. शाळेत असताना बुद्धिबळ बऱ्यापैकी खेळायचो, मग अभ्यास नोकरी संसार यात पट माळ्यावर गेला, आता मुलगी मोठी झाली तसं पुन्हा सुरू केलंय. ऑनलाइन रॅपिडला (कमी वेळाचे डाव) रेटिंग चौदाशे-पंधराशेच्या मधे असतं, आणि रविवारी शाळांच्या हॉलमध्ये त्या एका दिवसाच्या रॅपिड स्पर्धा असतात, ठाण्यात किंवा खाडीपलीकडे, त्यात जमेल तसा उतरतो.

सध्या पांढऱ्याकडून लंडन सिस्टिम खेळतोय. ओपनिंग म्हणून वाईट अजिबात नाही, डाव सांभाळून राहतो, पण दहा-बारा चाली झाल्या की पुढे कुठे जायचं तेच दिसत नाही. मला आक्रमण शिकायचंय. प्यादं द्यायचं, पुढाकार घ्यायचा, समोरच्याच्या राजाला पटाच्या मधे अडकवायचं, असा डाव मनापासून खेळायचाय, हरलो तरी चालेल.

किंग्ज गॅम्बिट, इव्हान्स, व्हिएन्ना, डॅनिश, स्कॉच, स्मिथ-मोरा एवढी नावं माहीत आहेत. एकच धरून नीट शिकायचा तर कुठला? यूट्यूबवर "आठ चालीत मात" छापाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते नकोत. कोणी स्वतः स्पर्धेत खेळत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

घोडबंदर_गॅम्बिट

किंग्ज गॅम्बिट. दुसरं नावच घेऊ नकोस. ई४ ई५ एफ४ (पांढरा, काळा, पांढरा; नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल), संपला विषय!! इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम) काळ्याला थोडं बरं दाखवतं हे मान्य पण तुझ्या समोर इंजिन बसणारे का? मानपाड्याहून आलेला एखादा कॉलेजचा पोरगा बसणारे आणि त्याला दुसऱ्याच चालीला विचार करावा लागतो. रॅपिडमध्ये घड्याळ पण एक मोहरंच आहे. मी गेली कित्येक वर्षं फक्त हेच खेळतोय आणि एकही डाव कंटाळवाणा झालेला नाही, जिंकलो तरी मजा हरलो तरी मजा.

प्यादं मारलं की घोडा एफ३, मग उंट सी४, कॅसल (किल्लेकोट), आणि एफची उभी लाइन हत्तीला मोकळी. एफ७ वर सगळे मिळून तुटून पडायचं.

जुना_खोपट

घोडबंदरवाल्याचा उत्साह आवडला पण अर्धीच गोष्ट सांगितलीस बाळा. एफ४ केलं की आपण फक्त प्यादं देत नाही, आपल्या राजाशेजारची तिरकी वाट उघडतो. ई१ ते एच४. काळ्याचा वजीर एच४ ला येऊन शह देतो ही त्या चालीची दुसरी किंमत. म्हणून तर तिसऱ्या चालीला घोडा एफ३ करायचा, तो शह अडवायला.

आणि समोरच्याने प्यादं मारलंच नाही तर? दुसऱ्या चालीला त्याने उंट सी५ ला आणला तर नवशिक्याला वाटतं ई५ फुकट मिळतंय. तिथे एफच्या प्याद्याने ई५ मारलं की संपलं. वजीर एच४ शह. जी३ घातलं तर वजीर ई४ मारून पुन्हा शह आणि कोपऱ्यातला हत्ती गेला. राजा ई२ ला गेला तर वजीर ई४ वर मात. चार चालींत घरी. त्यामुळे एफ४ असलेला कुठलाही गॅम्बिट खेळणार असशील तर प्रत्येक चालीआधी एच४ कडे बघायची सवय लाव.

बाकी किंग्ज गॅम्बिटवर माझाही जीव आहे. १८५१ साली लंडनला अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध खेळलेला डाव ज्याला अमर डाव म्हणतात तो याच ओपनिंगचा. एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर, सगळं देऊन टाकलं आणि उरलेल्या उंटाने आणि दोन घोड्यांनी मात केली. काळ्याची जवळपास सगळी फौज शाबूत होती, पण ती घरातून बाहेरच पडली नव्हती! तो डाव एकदा स्वतःच्या हाताने पटावर मांड, मोबाईलवर नको. प्रत्येक चालीला थांबून मोज की कोणाची किती मोहरी कामाला लागली आहेत. गॅम्बिट म्हणजे काय हे एका संध्याकाळी कळेल.

ऐरोली_लोकल

काका सुंदर लिहिलंत. पण थोडी थंड पाण्याची बाजू मी मांडतो. १९६० ला मार देल प्लाताला स्पास्कीने फिशरला किंग्ज गॅम्बिटनेच हरवलं आणि पुढच्या वर्षी फिशरने लेख लिहून जाहीर केलं की हे ओपनिंग मोडीत निघालं, तिसऱ्या चालीला डी६ खेळा. आज ती चाल शाळेतल्या पोरांना क्लासमध्ये शिकवतात. शिवाय तिसऱ्या चालीला डी५ पण आहे, प्यादं लगेच परत देऊन काळा आरामात मोहरी बाहेर काढतो. म्हणजे तुम्ही तयारी करून जायची आक्रमणाची आणि समोरचा तुम्हाला साध्या डावात ओढणार.

घोडबंदर_गॅम्बिट

त्याच फिशरने १९६३ च्या अमेरिकन चॅम्पियनशिपला स्वतः किंग्ज गॅम्बिट खेळून डाव जिंकलाय तेही सांगा की. फक्त घोड्याऐवजी उंट सी४ आधी खेळला.

आणि डी६ शिकवतात म्हणजे पोरांना समजलेलं असतं असं नाही, पाठ असतं. सहाव्या चालीला पाठांतर संपतं.

नेरूळ_कोच

मी नेरूळला मुलांना शिकवतो, मोठी माणसंही येतात, त्यातली बरीच पाचपाखाडींसारखीच मधल्या काळात सुटलेली आणि परत आलेली. त्यामुळे थोडं लांब लिहितो.

आधी एक गोष्ट. प्यादं दिलं की त्या बदल्यात काय मिळालं हे दर वेळी बोटावर मोजता आलं पाहिजे. जुन्या जाणत्यांचं ढोबळ माप आहे, एक प्यादं म्हणजे साधारण तीन चाली. तुमची चार मोहरी बाहेर, राजा कॅसल, आणि समोरच्याचं एकच मोहरं बाहेर, तर तुमचं प्यादं वसूल आहे. तसं नसेल तर तुम्ही नुसतेच प्याद्याने मागे आहात आणि वजिरावजिरी झाली की ते प्यादं तुम्हाला एंडगेमला छळणार. ट्रॅपचे व्हिडिओ हे कधीच सांगत नाहीत म्हणून मला ते आवडत नाहीत, त्यात समोरचा एक ठरावीक चूक करतो असं धरलेलं असतं. चूक नाही केली तर पुढे काय, तिथे खरा गॅम्बिट सुरू होतो.

आता कुठला. माझं मत व्हिएन्ना. ई४ ई५ घोडा सी३, काळा बहुतेक वेळा घोडा एफ६ खेळतो, आणि मग एफ४. किंग्ज गॅम्बिटमध्ये एफ४ दुसऱ्याच चालीला जातं, इथे काळ्याचा घोडा एफ६ वर येऊन बसल्यावर जातं, आणि सगळा फरक त्यात आहे. काळ्याने एफ४ मारलं तर आपण ई५. आता त्या घोड्याला जागा शोधा. डी५ आणि ई४ वर आपल्या सी३ च्या घोड्याची नजर, जी४ आणि एच५ वर डी१ वरून वजिराची. म्हणजे तो परत जी८ ला घरी. काहीजण वजीर ई७ आणून ई५ चं प्यादं खिळवतात, आपणही वजीर ई२, आणि घोड्याला जावंच लागतं. नंतर घोडा एफ३ (खोपटच्या काकांनी सांगितलेला एच४ चा शह आठवा), डी४, आणि संधी मिळाली की एफ४ वरचं प्यादं उंटाने परत. काळ्याची सगळी मोहरी मूळ जागी आणि आपण मधे प्यादी रोवून बसलोय.

घोडा सी६ करून ई५ राखायला गेला तरी तेच. ई५ मारा, तो घोड्याने मारेल, डी४ ने त्या घोड्याला हाकला आणि मग ई५ ने दुसऱ्याला. दोन घोडे हाकलत हाकलत आपलं केंद्र तयार.

खरं उत्तर एकच आहे, डी५. चांगला खेळाडू तेच खेळणार आणि तुमचा नव्वद टक्के अभ्यास तिथे व्हायला हवा. एफच्या प्याद्याने ई५ मारायचं, काळा घोडा ई४ वर, आपण घोडा एफ३. मोजा आता, मटेरियल बरोबर आहे, गॅम्बिट राहिलाच नाही! पण एफची लाइन आपल्याला अर्धी उघडी मिळाली, ई५ वर प्यादं आहे जे त्याच्या राजासमोरची जागा दाबतं, डी४, उंट डी३, कॅसल, वजीर ई१ वरून जी३ ला, हे सगळं समजायला सोपं आक्रमण आहे. काळ्याकडेही एफ६ किंवा एफ५ करून आपलं केंद्र फोडायचं साधन आहे. डाव बरोबरीचा, पण दोघांना खेळावं लागतं.

तिथे ई च्या प्याद्याने डी५ मारू नका. काळा घोड्याने परत मारतो आणि तुम्ही हौसेने ई५ घेतलंत तर घोडा सी३ मारतो, बी ने परत मारलं की वजीर एच४ शह, जी३, वजीर ई४ शह, हत्ती गेला. तीच तिरकी वाट, पुन्हा.

पाचपाखाडी_पटावर

कोच सर हे प्रिंट काढून भिंतीला लावतो. एक विचारू का, डी५ आल्यावर गॅम्बिटच उरत नसेल तर मग इव्हान्स का नको? तिथे प्यादं खरंच दिलेलं राहतं ना. आणि ऐकायला पण भारी वाटतं, कप्तान इव्हान्स वगैरे.

नेरूळ_कोच

इव्हान्स माझा सगळ्यात आवडता आहे म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. घोडा एफ३, उंट सी४, आणि काळ्याचा उंट सी५ ला आला की बी४. त्याने मारलं की सी३ ने त्या उंटाला हाकलून डी४, केंद्र आपलं. इव्हान्स हा वेल्सचा दर्यावर्दी होता, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची कल्पना, आणि १९९५ ला रिगाला कास्पारोव्हने याच ओपनिंगने आपल्या आनंदला पंचवीस चालींत हरवलं. आनंदने उंट ई७ ला मागे घेतला होता. म्हणजे ओपनिंगमध्ये दम आहे यात शंकाच नाही.

अडचण दोन ठिकाणी. एक, इव्हान्स तेव्हाच मिळतो जेव्हा काळा उंट सी५ खेळतो. तिसऱ्या चालीला घोडा एफ६ केला की तुमची सगळी तयारी बाजूला. दुसरी अडचण लास्करच्या बचावाची. उंट ए५, आपण डी४, तो डी६, आपण कॅसल, तो उंट बी६. प्यादं परत घ्यायची वाट तो स्वतःच उघडून देतो. आपण घ्यायला गेलो की वजिरावजिरी होऊन आक्रमण विझतं. म्हणून कॅसलच्या ऐवजी तिथे वजीर बी३ खेळतात, पण मग ती सगळी शाखा वेगळी शिकावी लागते. नोकरी करून शिकणाऱ्या माणसाला दुसऱ्या चालीपासून आपल्या हातात असलेलं ओपनिंग बरं.

सीवूड्सची_आई

नमस्कार, मी स्वतः खेळत नाही पण मुलगा खेळतो, अकरा वर्षांचा. स्पर्धांना मीच घेऊन जाते त्यामुळे हे सगळं कानावर असतं 🙂 तो काळ्याकडून स्टॅफोर्ड गॅम्बिट खेळतो, ऑनलाइन भराभर जिंकतो, त्याने मला दाखवलं पण की पांढऱ्याने उंट जी५ ला आणला की काळा घोड्याने ई४ मारतो, पांढरा खुशीत वजीर मारतो आणि मग उंट एफ२ शह, राजा ई२, दुसरा उंट जी४, मात. बघायला खूपच छान आहे ते. पण हॉलमध्ये समोरासमोर खेळताना हे कोणी करत नाही आणि मग तो हिरमुसतो. त्याचे सर म्हणतात बंद कर. बंद केलं तर त्याचा उत्साहच जाईल अशी मला भीती वाटते. काय करावं?

नेरूळ_कोच

ताई, उत्साह सगळ्यात मोठा, तो टिकवायचाच. स्टॅफोर्डमध्ये पांढऱ्याने डी३, उंट ई२, सी३ असं शांतपणे खेळलं की काळ्याकडे प्याद्याच्या बदल्यात फारसं काही उरत नाही, आणि स्पर्धेत विचार करायला वेळ असल्याने मुलं ते शोधतात. बंद करू नका, ब्लिट्झपुरतं ठेवू द्या. स्पर्धेसाठी त्याला असा गॅम्बिट द्या ज्यात समोरच्याने बरोबर खेळलं तरी त्याच्याकडे काहीतरी उरेल. आणि त्याला सांगा, २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरोंटोच्या कँडिडेट्सला प्रज्ञानंदने आपल्या नाशिकच्या विदितविरुद्ध काळ्याकडून रुय लोपेझ या ओपनिंगमध्ये सुरुवातीलाच एफ५ खेळलं आणि जिंकला. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, आणि तिथे गॅम्बिट! पण तो एका ट्रॅपवर अवलंबून नव्हता, पुढचा सगळा डाव त्याने समजून खेळला. मुलाला तो डाव दाखवा, विदितच्या बाजूनेही बघायला सांगा.

सीवूड्सची_आई

खूप आभार सर. विदित त्याचा आवडता आहे, म्हणजे जरा वाईट वाटेल त्याला, पण नक्की दाखवते.

खारघर_हिल

सगळे ई५ धरूनच बोलताय. अहो ई४ ला सी५ येतं त्याचं काय? खारघर-पनवेलकडे तर हल्ली दर दुसरा मुलगा सिसिलियन (म्हणजे हेच सी५) खेळतो नाहीतर कॅरो-कान. व्हिएन्ना शिकून बसलात आणि समोरून सी५ आलं की परत उंट मागेपुढे.

सिसिलियनला मी स्मिथ-मोरा खेळतो. डी४, त्याने मारलं की सी३, पुन्हा मारलं की घोड्याने घ्यायचं. मग काही विचार न करता घोडा एफ३, उंट सी४, कॅसल, वजीर ई२, हत्ती डी१. एवढं डोक्यात ठेवलं तरी पंधरा चाली निभावतात. आणि काळ्याने घोडा सी६, डी६ करून पाठोपाठ घोडा एफ६ घातला तर ई५! त्याने डीच्या प्याद्याने मारलं, वजिरावजिरी, त्याने घोड्याने परत मारलं, आणि आपला घोडा बी५. सी७ ला शह लागतोय, त्याचा राजा मधे, मोहरी घरात. वजीर पटावर नसतानाही आक्रमण चालू राहतं हे मला या एका पोझिशनने शिकवलं.

फक्त काळ्याने सी३ वर मारायच्या ऐवजी घोडा एफ६ केला तर ई५, घोडा डी५, आणि तो अलापिनसारखा शांत डाव होतो. तेवढं स्वीकारायचं.

ऐरोली_लोकल

खारघरकरांचा मुद्दा बरोबर. आणि शिकायचं कसं यावर मी थोडं लिहितो कारण मी ट्रान्स हार्बरला ऐरोली-ठाणे रोज करतो आणि तेवढ्या वेळातच जे काय ते.

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ओपनिंग एक्सप्लोरर फुकट आहे. त्यात मास्टर्सचे डाव न बघता खाली आपल्या रेटिंगचा गट आणि रॅपिड निवडा. मग दिसतं की आपल्याशी खेळणारी माणसं प्रत्यक्षात काय खेळतात. जी चाल सारखी येते तिची तयारी आधी, जी क्वचित येते ती नंतर. स्टडीमध्ये आपली फाइल बनवायची आणि प्रत्येक चालीखाली स्वतःच्या शब्दांत लिहायचं की ही का. "का" लिहिता आलं नाही तर ती चाल आपल्याला येत नाही असं समजायचं.

इंजिन शेवटी. डाव झाला की आधी स्वतः बघायचं की पुढाकार कुठल्या चालीला हातातून गेला. गॅम्बिटमध्ये बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं, कुठेतरी आपण घाबरून प्यादं परत घ्यायला धावलो आणि त्यात दोन चाली गेल्या.

अजून एक, रेटिंग बघून समोरच्याला जोखू नका. मार्च २०२४ पासून फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) किमान रेटिंग १४०० केलंय, त्यामुळे चौदाशे-पंधराशेच्या पट्ट्यात फार वेगवेगळ्या ताकदीचे लोक आहेत. समोरचा डी५ खेळणारच असं धरून तयारी करा.

जुना_खोपट

हे घाबरून प्यादं परत घेणं अगदी बरोबर पकडलंस. आमच्या वेळी तलावपाळीला संध्याकाळी बाकावर पट मांडून बसायचे लोक, तिथे एक गृहस्थ होते, ते प्यादं दिल्यावर त्याच्याकडे बघायचेच नाहीत. पुढची प्रत्येक चाल नवीन मोहऱ्याची. उंट निघाला, घोडा निघाला, किल्लेकोट झाला, हत्ती मधे आला. समोरचा प्यादं धरून बसलेला असायचा आणि इकडे सगळं सैन्य दारात.

पाचपाखाडी_पटावर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, व्हिएन्ना, आणि सी५ ला मोरा. गेले काही आठवडे ऑफिसनंतर रोज थोडं थोडं करतोय, स्टडी बनवली, प्रत्येक चालीखाली का लिहितोय, त्यात खरंच वेळ जातो पण डोक्यात बसतं. रविवारी स्पर्धेत दोनदा पांढरी आल्यावर ई५ मिळालं. एकाने एफ४ मारलं आणि घोडा जी८ ला परत गेला, तो डाव मी खेळलो असं म्हणण्यापेक्षा तो आपोआप पुढे गेला, प्रत्येक चालीला काय करायचं ते दिसत होतं. लंडन खेळताना हे मला कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या डावाबद्दल प्रश्न आहे. कोपरीचा मुलगा, डी५ खेळला, सगळं कोच सरांनी सांगितलं तसं, घोडा ई४, मी घोडा एफ३, आणि त्याने उंट जी४ ला आणून माझा घोडा बांधला. मी वजीर ई२ खेळलो, ई४ च्या घोड्यावर दाब म्हणून. तो घोडा सी५ ला मागे गेला, मी डी४ ढकललं. त्याने बराच विचार करून घोडा दुसरीकडे नेला आणि पुढे बरोबरी झाली. पण घरी आल्यावर सारखं वाटतंय की त्याने एफ३ मारून वजीर एच४ शह दिला असता तर डी४ जात होतं. मग मी फसलो असतो का?

नेरूळ_कोच

वजीर ई२ आणि डी४ दोन्ही एक नंबर. आणि नाही, फसला नसतात, तिथेच तुम्हाला हवा तो गॅम्बिट मिळाला असता.

उंटाने एफ३ मारला, वजिराने परत मारा. वजीर एच४ शह, जी३. वजिराने डी४ मारलं, उंट ई३, वजिरावर चाल करून. तो ई५ पण खाणार, खाऊ दे. आता मोठ्या बाजूला कॅसल. मोजा. तुम्ही दोन प्यादी मागे आहात. तुमचा वजीर एफ३, घोडा सी३, हत्ती डी१, तिन्ही थेट डी५ कडे बघतायत, आणि ई३ चा उंट सी५ च्या घोड्याकडे. त्याचा वजीर आणि एक घोडा सोडला तर बाहेर काहीच नाही आणि राजा मधे उभा आहे. सगळ्यात स्वाभाविक चाल सी६, डी५ राखायला. तिथे घोडा डी५ वर झोकून द्यायचा विचार करा. सीच्या प्याद्याने मारला तर हत्तीने डी५ घ्या, वजिरावर चाल. त्यानंतर उंट सी४ येतो.

इंजिन न लावता पटावर मांडा आणि काळ्याकडून सगळ्यात चिवट बचाव शोधून इथे टाका. पुढच्या रविवारी वाशीला स्पर्धेला येणार असाल तर दोन फेऱ्यांच्या मधे बसून बघू.

घोडबंदर_गॅम्बिट

मी पण येतो वाशीला. काळी मोहरी मी घेतो.